भाऊसाहेबाचा प्रात्यक्षिक प्लॉट

भाऊसाहेबाच्या डाव्या गालात आतून चट्टा पडला. चाळीस वर्षं तो तंबाखूची गोळी तिथंच धरत आला होता. नगरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण वेळेत सापडलाय. थोडा गाल कापावा लागेल, मग बरे व्हाल. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारची मिळाली.

भाऊसाहेब माझा चुलतभाऊ. सोनईजवळ आमची रानं बांधाला बांध लागून आहेत. सोसायटीची सभा असो, साखरपुडा असो की दहावा, उभं राहून बोलणार तोच. गाल कापणार म्हटल्यावर मरणापेक्षा त्याला बोलणं जायची भीती जास्त वाटली. शहाणा माणूस भ्याला की दवाखान्यात जातो. अतिशहाणा कृषी सेवा केंद्रात जातो. भाऊसाहेब केंद्रात गेला.

केंद्र नितीनचं, म्हणजे भाऊसाहेबाच्या बायकोच्या, कलाबाईच्या भाच्याचं. त्याच्याकडून आम्ही समुद्री शेवाळाचा अर्क आणतो आणि कांद्यावर फवारतो. पात हिरवी राहते, कांदा पोसतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. समुद्र आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला नाही, पण त्याचं शेवाळ प्रत्येकाच्या गोठ्यात आहे. यंदा कंपनीनं नवीन पत्रक काढलं होतं. शेवाळात म्हणे अँटीऑक्सिडंट ठासून भरलेलं असतं आणि त्याच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मरतात. सोबत माणसांना पिण्यासाठी छोटी बाटलीही काढली होती.

पत्रक मी पूर्ण वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, त्यामुळं काही सुटत नाही. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर दिसलं आहे आणि माणसांवरची तपासणी अजून व्हायची आहे. ज्यांनी शोध लावला त्यांनी बिचाऱ्यांनी खरं तेच लिहिलं होतं. कंपनीनं ते फक्त मागच्या बाजूला टाकलं होतं. मी भाऊसाहेबाला ती ओळ बोट ठेवून दाखवली.

"ताटलीत मेलं त्ये तोंडात मरनार न्हाई व्हय?" तो म्हणाला. "ताटली काय आन् तोंड काय, जेवायचंच सामान हाय."

मी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

पण तो जातीचा शेतकरी. पिण्याच्या बाटलीचा त्यानं वास घेतला, मग गोठ्यातल्या कांद्याच्या कॅनचा घेतला. दोन्ही वास एकच. तेव्हा त्यानं बाटली परत केली. बाटलीचा भरवसा काय, कॅनचा रिझल्ट आपण रानात पाहिलाय, असं त्याचं म्हणणं. आता प्रश्न मात्रेचा आला. कॅनवर लिहिलं होतं, पंपाला तीस मिली, एकरी दहा पंप. माणूस किती एकराचा धरायचा, हे त्यानं नितीनला फोन करून विचारलं. नितीन बी.एस्सी. ॲग्री. त्यानं भाऊसाहेबाचं वजन विचारलं, बराच वेळ हिशेब केला आणि अर्धा गुंठा धरायला सांगितलं.

मग सुरू झालं. ऊन उतरल्यावरच प्यायचं, कारण उन्हात फवारणी करत नाहीत. वर सहा तास पाणी नाही, नाहीतर औषध धुऊन जाईल. ढगाळ हवा असली की तो त्या दिवशीचा डोस चुकवायचा. कलाबाई सगळं पाहत होती. ती बोलत नव्हती, कारण त्या घरात बोलायचं खातं दुसऱ्याकडं होतं. तिनं सोमवारसाठी त्याचे कपडे पिशवीत भरून ठेवले. त्यानं ते काढून पुन्हा दांडीवर टाकले. ऑपरेशनला जायचं नाही, हे त्यानं गावात सांगूनही टाकलं.

नितीननं ही गोष्ट कंपनीला कळवली. कंपनीला फार आनंद झाला. नवीन औषध आलं की आमच्याकडं शिवारफेरी होते. एखाद्याच्या रानात 'प्रात्यक्षिक प्लॉट' असा बोर्ड लावतात, चार गावचे शेतकरी बोलावतात, टोप्या वाटतात, पीक दाखवतात, पोहे देतात. कंपनीनं शिवारफेरी ठेवली ती भाऊसाहेबाची. सोमवारच्या आधीच्या शनिवारी त्याच्या ओट्याजवळ बोर्ड रोवला. त्यावर पिकाचं नाव लिहायच्या जागी त्याचं नाव आणि लागवडीच्या तारखेच्या जागी जन्मतारीख. पिवळ्या टोप्या घातलेली चाळीस माणसं आली. भाऊसाहेबानं अर्धा तास भाषण केलं, डाव्या गालाला धक्का लागू न देता. मग खुर्चीत बसून तोंड उघडलं आणि लोक रांगेनं मोबाईलच्या उजेडात आत पाहू लागले.

पाहणाऱ्यांत अजिनाथ होता. वय पंच्याहत्तर, कांद्यात हयात गेलेली. शिवारफेरीत त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो आणि कंपनीवाले त्याला वचकून असतात. तो त्यानं विचारला.

"बिगर फवारलेली वळ कुठाय?"

कुठल्याही प्लॉटमध्ये चार सऱ्या कोऱ्या सोडतात. त्याशिवाय औषधानं काय केलं हे कळणार कसं? नितीन गडबडला. मागून कुणीतरी म्हणालं, उजवा गाल बघा की. त्यावर बरीच चर्चा झाली. उजव्या गालात रोगच नाही, मग तुलना कशाशी करणार. आणि पिताना औषध दोन्हीकडं जातं, ते वेगळंच. चर्चा रंगली, पोहे गार झाले. अजिनाथनं मात्र मोबाईल घेतला आणि भाऊसाहेबाची हनुवटी धरून पिकाची पात उलटून पाहावी तसं आत निरखून पाहिलं.

"भाऊसाहेब, तपासनीच्या टायमाला तू मला दावलं हुतंस," तो म्हणाला. "तवा तुरीच्या दान्याएवढं हुतं. आता चिकूच्या बीएवढं हाय. कडा कडक झाल्यात."

नितीन म्हणाला, दुसरी फवारणी घेऊ, मात्रा वाढवू.

भाऊसाहेबानं तोंड मिटलं. तीन आठवडे त्यानं आरशात पाहिलं नव्हतं. दाढीसुद्धा न्हाव्याकडं, डोळे मिटून. एवढा बोलणारा तो माणूस कलाबाईकडं बघत राहिला.

"कापू द्या," कलाबाई म्हणाली. "बोलायचं काय, मी बोलंन. तुमी नुसतं जित्तं ऱ्हा."

सोमवारी पहाटे मीच त्यांना जीपनं नेलं. काय काय औषध घेता, असं डॉक्टरांनी विचारलं. कलाबाईनं सगळं सांगितलं, अर्ध्या गुंठ्यासकट. डॉक्टरांनी लिहून घेता घेता पेन थांबवलं. मग रक्त तपासायला दोन दिवस घेतले आणि ऑपरेशन केलं. आधी ठरला होता त्याहून जास्त गाल गेला, पण रोग निघाला. दोन महिने बोलायचं नाही, असं बजावून घरी पाठवलं.

आता सगळं संपलं असं आम्हाला वाटलं. पण नितीननं दुकानात सांगायला सुरुवात केली की मामा वाचले ते शेवाळानं. ऑपरेशन नुसतं निमित्त. लोकांना पटलं. दोन्ही केलं होतं ना, मग कशानं गुण आला कोण सांगणार? आणि सांगू शकणारा एकमेव माणूस मुका होता. शनिशिंगणापूरकडची एक बाई नवऱ्याच्या घशासाठी चार बाटल्या घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात त्याची दवाखान्याची तारीख होती, ती तिनं सोडली.

हे कलाबाईच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाऊसाहेबाला घेऊन केंद्रात गेली आणि गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसली. भाच्याला म्हणाली, तू तुझा धंदा कर, आम्ही इथं बसतो. आत्याला ऊठ म्हणायची नितीनची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून दोघं रोज तिथं असतात. कांद्यासाठी शेवाळ मागितलं की कलाबाई काही बोलत नाही. माणसासाठी मागितलं की आधी दवाखान्याची तारीख विचारते. मग भाऊसाहेब गळ्यातला मफलर सोडतो आणि कानापासून हनुवटीपर्यंतची शिवण दाखवतो.

पहिल्याच दिवशी कलाबाईनं शनिशिंगणापूरच्या त्या बाईचा पत्ता नितीनकडून काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. तिचा नवरा ओट्यावर बसला होता, हातात बाटली. भाऊसाहेब त्याच्याशेजारी बसला. त्याला बोलायची परवानगी नव्हती, तरी तो एक वाक्य बोलला. 'तारीख सोडू नगं' एवढं कळलं, बाकीचं लाळेत गेलं.

नवऱ्यानं बायकोकडं पाहिलं. मग मला विचारलं, नगरला गाडी किती वाजता निघते.