पाडवी सरांचे तेवीस धडे

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी, चहाच्या सुट्टीनंतर, पाडवी सर सहा वर्षांचे झाले.

त्याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. दोन दिवस तेच चाललं होतं. इंग्रजी कशी शिकवावी याच्या प्रशिक्षणात एक पद्धत असते. एक शिक्षक फळ्यापाशी उभा राहून धडा घेतो आणि बाकीचे विद्यार्थी होऊन बाकांवर बसतात. पहिल्या दिवशी ठोंबरे सर हात वर करून म्हणाले, "बाई, मला शू लागली." सगळे हसले. हसू थांबलं तेव्हा ठोंबरे सर आठ वर्षांचे होते आणि त्यांना खरोखरच लागली होती.

"भूमिकेत शिरले," मार्गदर्शक करंबेळकर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत टीप केली.

पाडवी सर आणि मी एकाच शाळेचे. शाळा नदीपलीकडे, डोंगरावर. दोन शिक्षक, एकतीस मुलं. कोणीतरी आमची दोघांचीही नावं एकाच यादीत घातली, म्हणून शाळेला कुलूप लावून, किल्ली अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडे देऊन आलो होतो. सोमवारी कुलूप निघालं नाही, तर शाळा कायमची बंद दाखवणार होते. थोरली मुलं लांबच्या आश्रमशाळेत गेली असती. धाकटी शेळ्यांमागे.

चौथ्या दिवशी सकाळी चोवीस जणांत मी एकटीच मोठी उरले. मला विद्यार्थी होता येत नव्हतं. बाकावर बसले तरी मागच्या मुलाला ऐकू जातंय का, हेच मी बघत राही.

मी पर्स घेतली आणि सभागृहाबाहेर पडले. दाराबाहेर तेच सभागृह होतं, तेच बाक, तीच मुलं. परत वळले. आतही तेच होतं.

"तुम्ही जाऊ शकत नाही, निकुंभ बाई," मॅडम म्हणाल्या. "तुमचं प्रशिक्षण अपूर्ण आहे. जो मूल झाला आणि शिकून पुन्हा मोठा झाला, त्यालाच कार्यमुक्तीचं पत्र मिळतं."

"मग यांना शिकवून मोठं कोण करणार?"

"तुम्ही आहात की. ज्याला प्रश्न विचाराल, तो एका धड्याला एक वर्ष वाढेल. तुमची दोन जातील."

"दोन का?"

"एक प्रवासात जातं."

मी फळ्यावर गणित मांडलं. पाडवी सर एकोणतीस वर्षांचे होते. सहापासून एकोणतीसपर्यंत तेवीस धडे. माझं वय त्रेपन्न. त्रेपन्नातून सेहेचाळीस गेले की सात. सात वर्षांच्या मुलीला डोंगरावरची शाळा उघडता येणार नाही, पण पाडवी सरांना येईल. गणित दोनदा तपासलं आणि फळा पुसला.

"इकडे ये बाळा," मी म्हटलं. "तुझी शाळा कुठे आहे?"

"माहीत नाही," पाडवी सर म्हणाले. त्यांच्या नाकाला शेंबूड होता. "तुम्ही माझी आई का?"

"नाही. मी तुझी बाई."

त्यांना काहीच आठवत नव्हतं. शिकवीन तेवढंच राहणार होतं. म्हणून मी आमच्या शाळेची वाटच शिकवायची ठरवली. खडूने जमिनीवर नदी काढली. रिव्हर. तिच्यावर पूल. ब्रिज. मग हिल, मग लॉक, मग की. एका धड्यात फक्त मदतनीस बाईंचं घर. एका धड्यात मुलांची नावं, सगळी एकतीस.

प्रश्न विचारला की मी थांबत असे. मूल उत्तर शोधत असतं. मध्येच आपण बोललो, तर ते शोधणं सोडून देतं.

"तुम्ही गप्प का बसता?" पाडवी सरांनी विचारलं. तेव्हा ते दहा वर्षांचे होते.

"तुझी वाट बघते."

"आणि मला नाहीच आलं तर?"

"तरी बघते. मुलाचं बोलणं झाल्याशिवाय उठायचं नसतं."

त्यांनी मान डोलावली. तो धडा मी मोजला नव्हता, पण ते शिकले.

बाकीची मुलं बाकांवरून हात वर करत होती. "बाई, मला विचारा. बाई, माझा नंबर." ठोंबरे सरांचा हात तर खालीच येत नव्हता. मी त्यांच्याकडे पाठ केली. इतक्या वर्षांत मी वर्गाकडे कधी पाठ केली नव्हती.

शुक्रवारपर्यंत माझे केस काळे झाले, गुडघे दुखायचे थांबले, चष्मा काढून ठेवावा लागला. सोळाव्या धड्यानंतर पाडवी सर बावीस वर्षांचे आणि मी एकवीस. त्यांनी माझ्याकडे जरा लाजून पाहिलं आणि दूर सरकून बसले. अठराव्या धड्याला म्हणाले, "साडी पायात येतेय, सांभाळ." त्यांनी मला अगंतुगं केलं, ते माझ्याही नंतर लक्षात आलं.

शनिवारी सकाळी खिडक्या वर सरकल्या होत्या. फळ्याचा वरचा अर्धा भाग माझ्या कामाचा राहिला नाही. मी खाली लिहीत होते आणि पाडवी सर वाकून वाचत होते. मध्येच मला एखादा शब्द आठवेना, तेव्हा ते थांबत. घाई करत नसत. एकविसाव्या धड्याला मला अकारण हसू येऊ लागलं. बाविसाव्याला रडू. मॅडम दाराशी खुर्ची टाकून लिहीत होत्या.

तेविसावा धडा एका वाक्याचा होता. बाहेर येणारी तीनची बस धरायची, मागे बघायचं नाही, जायचं. गो नाऊ. त्यांनी ते स्पष्ट म्हटलं आणि एकोणतीस वर्षांचे झाले.

"छान," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पत्रावर शिक्का मारून ते सरांना दिलं. दार उघडलं. या वेळी बाहेर रस्ता होता आणि रस्त्यावर बस उभी होती.

पाडवी सरांनी पिशवी खांद्याला लावली. निघाले. उंबऱ्यावर त्यांनी मागे बघितलं.

मी साडीच्या ढिगात उभी होते. बाकांवर बावीस मुलं होती, पण मीच फळ्यापाशी होते, म्हणून त्यांनी मलाच बघितलं असावं. ते परत आले. माझ्यासमोर उकिडवे बसले, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं.

"तुझं नाव काय गं?"

मला उत्तर येत होतं. नाव सांगितलं की ते उठणार होते, हेही मला कळत होतं. पण माझे ओठ हलेनात. वर्गात नव्याने आलेल्या किती मुलांना मी असं उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्यांना काही येत नाही, असं मला कधी वाटलं नव्हतं. मात्र आतून ते असं असतं, हे ठाऊक नव्हतं. शब्द सगळे असतात. फक्त फार उंचावर ठेवलेले असतात.

"सावकाश सांग," पाडवी सर म्हणाले. "मी थांबतो."

मी दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी माझं बोट हळूच खाली केलं. "बोटाने नाही. तोंडाने."

बसचं इंजिन सुरू झालं. कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं. "ओ गुरुजी, येताय का? पुढची गाडी मंगळवारी!"

"एक मिनिट," पाडवी सर मागे न बघता म्हणाले. "पोरगी बोलतेय."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. सरांनी माझ्या हनुवटीखाली तळहात धरला. मी सगळा जोर लावून तोंड उघडलं. पुढचा एक दात सुटून त्यांच्या हातावर पडला. त्यांनी मूठ मिटली आणि मान हलवली.

"हं. पुढे."