सकाळचे संध्याकाळी, संध्याकाळचे सकाळी

पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसात बसणाऱ्या सूनबाईनं दोन थापा मारून ठेवल्या होत्या. सासूबाईंना सांगितलं होतं, आई तलावावर येत नाही. आईला सांगितलं होतं, सासूबाई येत नाहीत.

डॉक्टरांनी दोघींना गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलेलं. आणि लग्नाच्या फोटोत मधे कोणी उभं राहायचं, यावरून दोघींचा अबोला. "ती येणार असेल तर मी पाण्यात पाय घालणार नाही," असं दोघी आपापल्या घरी, एक शब्दही न बदलता म्हणाल्या होत्या. म्हणून सासूबाई सकाळी, आई संध्याकाळी. गुडघे सुधारत होते. घर शांत होतं.

मग मॅनेजर म्हणाला, "सकाळवाले गार पाण्याला वैतागलेत. सकाळचे संध्याकाळी टाका, संध्याकाळचे सकाळी. उद्यापासूनच."

हात्तिच्या, एवढंच! सभासदांच्या टेबलात 'वेळ' नावाचा कॉलम होता. सूनबाईनं कोड लिहिला:

जर वेळ = सकाळ, तर वेळ = संध्याकाळ.
जर वेळ = संध्याकाळ, तर वेळ = सकाळ.

चालवला. सगळ्यांना मेसेज गेले. ती चहा प्यायला गेली.

(वाचकानं त्या दोन ओळी पुन्हा वाचाव्यात. सूनबाईनं वाचल्या नाहीत.)

पहिल्या ओळीनं सकाळचे सगळे संध्याकाळी गेले. दुसरीनं संध्याकाळचे सगळे उचलले, जुने आणि आत्ताच आलेले, आणि सकाळी नेऊन ओतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावात पाणी कमी, माणसं जास्त. पोहणं सोडाच, वळायलाही शेजाऱ्याची परवानगी लागत होती. सूनबाईनं काचेतून पाहिलं. उथळ बाजूला, एकाच दांडीला धरून, रबरी टोप्या घातलेल्या दोघी! शिडी एकच, तिच्यावर गर्दी. गुडघे चार, चारही नाजूक. पळायची सोय नाही.

जर आई आधी बोलली, तर सासूबाई भडकणार.
जर सासूबाई आधी बोलल्या, तर आई भडकणार.
नाहीतर

नाहीतरच्या पुढे तिला काही सुचेना. तेवढ्यात दोघी ठिबकत ठिबकत खिडकीशी.

"ही तुमचीच ना?" सासूबाईंनी विचारलं. लग्नानंतर विहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य.

"माझी होती तेव्हा धड होती," आई म्हणाली.

"म्हणजे आम्ही बिघडवली?"

"मी कुठे म्हटलं? तुम्हीच म्हणताय."

"चूक माझीय, टेबलाची जुनी प्रत आहे, आत्ता नीट करते..." सूनबाई काकुळतीला आली.

"तू गप्प बस!" दोघी एकदम.

मग फोटो निघाला. फोटोतून फोटोग्राफर निघाला, त्यातून मानपान. मागे ओले सभासद तणतणत होते. सूनबाईनं जुनी प्रत उघडली. सकाळवाल्यांना आधी 'तात्पुरते' केलं, संध्याकाळवाल्यांना सकाळ दिली, मग तात्पुरत्यांना संध्याकाळ.

"झालं," ती म्हणाली. "आई सकाळी, सासूबाई संध्याकाळी. पुन्हा गाठ पडायची नाही."

सासूबाईंचा चेहरा पडला. "असं कसं? माझं अजून बोलून झालेलं नाही."

"आणि मी काय नुसती ऐकून घेऊ?" आई म्हणाली. "मला उत्तर द्यायचंय."

सूनबाईनं एक ओळ वाढवली आणि यावेळी मोठ्यानं वाचली:

जर सभासद = सासूबाई, तर वेळ = सकाळ.

"पुन्हा त्या गार पाण्यात?" सासूबाई कुरकुरल्या.

"मग मीच येते संध्याकाळी," आई म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली.

"उपकार नकोत. सकाळीच येईन मी."

"मी म्हणतेय ना, संध्याकाळी!"

सूनबाई बटणावर बोट ठेवून थांबली.