उलटी विहीर

शामकांत मास्तरांना कोपऱ्यांचा राग होता. सोनईच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मुलांकडून काढून घेत ते घडे, चाकं, कलिंगडं, जे जे म्हणून गोल ते ते. भाड्याच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत सात वर्षं काढल्यावर त्यांनी घर बांधायचं मनावर घेतलं, तेव्हा ते चारचौघांसारखं असणार नाही हे त्यांची बायको शोभा कधीच समजून चुकली होती. नगरच्या जुन्या कबरींवरचे घुमट मास्तरांनी डोळे भरून पाहिले होते. आत एक तुळई नाही, एक खांब नाही, आणि शेकडो वर्षं जागचे हललेले नाहीत. आपलं घर तसंच असणार, एकाच घुमटाचं. शोभा भिंगारची, कॅम्पातल्या कारकुनाची मुलगी. तिने एवढंच विचारलं, "अहो, पण कपाट कुठे टेकवायचं?" त्यावर मास्तर पाऊण तास बोलले. त्यात कपाटाचा उल्लेख आला नाही.

जागा घेतली ती गावाबाहेर, काळ्याभोर शेताच्या तुकड्यावर. तुकड्यात एक लहान तोंडाची बांधीव विहीर होती आणि पलीकडे अकरा घरांची वस्ती. वस्तीचं पिण्याचं पाणी याच विहिरीचं. जमीन विकणाऱ्याने तेवढी एक गोष्ट तोंडी सांगून ठेवली होती, वस्तीचं पाणी तोडायचं नाही. मास्तरांनी आनंदाने मान डोलावली. पाण्याला नाही म्हणायला आपण काय राक्षस आहोत, असं ते वर म्हणालेही.

बांधकामाला भिमाजी गवंडी आला. त्याचा उभा जन्म विहिरी बांधण्यात गेलेला. पहिल्या दिवशी त्याने मूठभर माती उचलली, चुरली आणि टाकून दिली.

"मास्तर, ही काळी हाय. गाव पांढरीवर बसवलंय ते उगं न्हाई. काळी वलीनं फुगती, उनानं आवळती. हिच्यावर आमी गोठा बी बांधत न्हाई."

"मग उपाय काय?"

"मुरूम लागंस्तोवर खांदायचं."

सात फूट खणलं तरी काळीच लागत होती. मास्तरांचा धीर सुटला. घुमट त्यांच्या डोक्यात कधीचा तयार होता आणि हा माणूस त्यांना खाली खाली नेत होता. त्यांनी रुंद दगडांचा थर घालायला सांगितला आणि खणणं थांबवलं. "सगळी पृथ्वीच फिरते, भिमाजी, म्हणून आपण पडतो का?" असं म्हणून ते हसले. भिमाजी हसला नाही, पण त्याने दगड बसवले.

मधोमध खुंटी रोवून तिला दोरी बांधली. दोरी फिरेल तशी वीट बसायची, दर थराला दोरी थोडी वर उचलायची. घुमट मिटत गेला तसतशी वस्तीतली माणसं बघायला येऊ लागली आणि कोणीतरी घराला 'उलटी विहीर' नाव ठेवलं. मास्तरांना ते नाव आवडलंसुद्धा. जमीन सारवायला वस्तीतल्या बनुबाईची सून आली, गोजरबाई. कोपरा सापडेना म्हणून सुरुवात कुठून करावी हे तिला कळेना, आणि ती शेण हातात घेऊन इतकी हसली की तिचं हसू घुमटात फिरत राहिलं. शोभाही त्या दिवशी पोटभर हसली. मास्तर दारात उभे राहून दोघींकडे बघत होते, आणि आयुष्यात आपल्याला आणखी काही नको असं त्यांना मनापासून वाटलं.

पहिलं वर्ष सुखात गेलं. पुढे पावसाने पाठ फिरवली, आणि बाहत्तर साली तर त्याने तोंडच दाखवलं नाही. वस्तीतले गडी खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले. मास्तरांच्या विहिरीत मात्र खोलवर पाणी होतं. बनुबाई पहाटे येऊन कठड्यावर बसे आणि बायकांचे नंबर लावी. घरामागे दोन घागरी, माणसं कितीही असोत. मास्तरांच्या घरालाही दोनच. तिच्यापुढे कोणाची टाप नव्हती आणि त्यामुळेच भांडण म्हणून कधी झालं नाही.

दिवाळीनंतर जमीन भेगाळू लागली. आधी बोट जाईल एवढ्या भेगा होत्या, मग कोपरापर्यंत हात जाऊ लागला. एक भेग शेतातून सरळ चालत आली आणि भिंतीखाली शिरली. दोन दिवसांनी आत, चुन्याच्या गिलाव्यावर, दारापासून घुमटाच्या मध्यापर्यंत एक रेघ दिसली. मास्तरांनी ती चुन्याने बुजवली. आठवड्यात ती पुन्हा उघडली आणि तिच्यातून आकाश दिसू लागलं. मास्तरांची अन्नावरची वासना उडाली. आहे ते सगळं त्यांनी या घुमटात घातलं होतं. गावाने वेड्यात काढलेला माणूस वेडा नव्हता, हे सांगायला त्यांच्याकडे हा घुमट सोडून दुसरा पुरावा नव्हता.

भिमाजीला खडीच्या कामावरून बोलावून आणलं. तो पायाभोवती फिरला, भेगेत काठी घालून पाहिली.

"पायाखालची माती आवळलीय. एक अंग खचाया लागलंय."

"पडेल?"

"आशीच सुकत गेली तर पडंल. वलं ठिवलं तर तग धरंल. रोज पंचवीस घागरी पाजा हिला, चारी अंगानं." काठी बाजूला टाकून तो म्हणाला, "पर पंचवीस घागरी आनायच्या कुठून? ऱ्हाऊ द्या, मास्तर. बाईंना घिऊन गावात चला. मी इटा उतरून दीन, जपून."

मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे भिमाजीला कळलं नाही. मास्तरांना कळलं होतं.

बायका पाणी भरून गेल्या आणि दुपार झाली की रस्त्यावर चिटपाखरू नसे. त्या वेळी मास्तर पोहरा सोडू लागले. भेगेत ओतलेलं पाणी गुडगुडत कुठल्या कुठे जाई. पण आठ दिवसांत घुमटातली भेग वाढायची थांबली, आणि मास्तर कधी नव्हे ते रात्रभर झोपले. मग विहिरीचं पाणी खाली गेलं. पोहरा तळाला आपटू लागला, गढूळ येऊ लागला. बनुबाईने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "झरे आटले, बनुबाई." आयुष्यात इतकी सरळ खोटी थाप त्यांनी कधी मारली नव्हती, आणि ती त्यांना जडही गेली नाही.

महिन्याभरात त्यांनी लोहाराकडून लोखंडी जाळी करून आणली, विहिरीच्या तोंडावर बसवली आणि कुलूप घातलं. विहीर गाळाने भरलीय, पाणी रोगट झालंय, असं वस्तीला सांगितलं. त्या मुलखात माणसाने विहिरीला कुलूप लावल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. बायका रिकाम्या घागरी घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. बनुबाई घराकडे बघत होती. सगळं शिवार करपून गेलं असताना त्या गोल भिंतीच्या बुडाशी हिरव्यागार गवताचं कडं उगवलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मास्तरांनी ते सगळं गवत उपटून टाकलं.

"अहो, द्या ना त्यांना पाणी," शोभा म्हणाली. "पडलं घर तर पडू दे. भिंगारला खोली घेऊन राहू."

"पावसापर्यंत, शोभा. तीन महिने फक्त. माणसं कुठूनही पाणी आणतील. घराला पाय नाहीत."

हे त्यांना फार मुद्देसूद वाटलं. शोभाने पुढे हट्ट धरला नाही. तिलाही डोक्यावर छप्पर हवं होतं. त्यानंतर तिने मास्तरांकडे किल्ली मागितली नाही, आणि दुपारी ते बाहेर गेले की ती दार लोटून बसू लागली.

वस्तीच्या बायका मैलभरावरच्या ओढ्याकाठच्या पडक्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिच्या पायऱ्या निम्म्या ढासळलेल्या. तळाशी उतरून वाटीवाटीने घागर भरायची आणि डोक्यावर घेऊन वर चढायचं. मार्चमध्ये एका सकाळी गोजरबाई भरली घागर घेऊन चढत होती, तेव्हा वरचा दगड निसटला. बायकांनी तिला लुगड्याच्या झोळीत घालून आणलं. वस्तीवर पोचेपर्यंत ती संपली होती.

दुपारी दार वाजलं. मास्तरांच्या हातात तेव्हा घागर होती, ती त्यांनी दाराआड ठेवली. बाहेर बनुबाई होती आणि तिच्यामागे दोन बायका.

"मास्तर, कुलूप काढा. पोरीला आंगूळ घालायची हाय."

मास्तरांनी किल्ली काढली. शोभाने त्यांच्या हातातून ती घेतली आणि कुलूप काढलं. पोहरा खाली गेला आणि स्वच्छ, नितळ पाणी घेऊन वर आला. बायकांनी ते पाहिलं. दोन घागरी भरल्यावर बनुबाईने दोर सोडून दिला.

"घ्या ना, बनुबाई," मास्तर म्हणाले. "लागेल तेवढं घ्या."

"दोनच," बनुबाई म्हणाली. "तिच्या घराच्या."

त्या गेल्यावर शोभा कठड्याला धरून खाली बसली. "आपण मारलं तिला," ती म्हणाली. "तुम्ही ओतलंत आणि मी बघत राहिले." तिने जाळी ओढत नेली आणि शेतात फेकून दिली.

विहीर उघडी राहिली, पण वस्तीतून कोणी आलं नाही. गावात सरकारी टँकर येई, त्याच्या रांगेत बायका उन्हात उभ्या राहत. शोभाही घागर घेऊन तिथेच जाऊ लागली. तिच्याशी कोणी बोलत नसे आणि तिला कोणी हाकलतही नसे. या विहिरीचं पाणी तिने पुन्हा तोंडाला लावलं नाही.

पाचव्या दिवशी मास्तर विहिरीवर गेले. उपसा थांबला तसं पाणी चढलं होतं, वर्षभरात नव्हतं एवढं. कठड्यावर डोकं टेकवून ते रडले, अगदी आवाज करून, बराच वेळ. आपण काय केलं हे त्यांना पुरतं कळत होतं. मग त्यांनी मान वर केली. दारावरची भेग रुंदावल्यासारखी वाटत होती. पाच दिवस भेगेत पाणी पडलं नव्हतं. त्यांनी वस्तीच्या वाटेकडे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. डोळे पुसून त्यांनी पोहरा आत सोडला आणि पहिली घागर भरली.