बोरामणीकरबाईंच्या घरातली हवा

"शिडी नीट धरा, देवदत्त. मुलगी वर आहे आणि तुमचं लक्ष रस्त्यावर!"

मी शिडी नीट धरली. पोस्टातून निवृत्त झालो, मला नातवंडं झाली, तरी शेजारच्या इंद्रायणीबाई बोरामणीकर बोलल्या की माझी पाठ आपोआप ताठ होते. मी काही त्यांचा विद्यार्थी नव्हे. पण चौथीचा वर्ग आणि बाकीचं जग यांत बाईंनी कधी फरकच केला नाही. जुळे सोलापुरातली आमची सगळी गल्ली त्यांच्या पटावर आहे. सकाळी दारात उभ्या राहून त्या नुसत्या बघतात आणि समोरचा शिवयोगी, चादरीच्या कारखान्यातला जुना मुकादम, स्कूटर धुतल्याचं पाणी निमूटपणे आपल्याच अंगणात वळवतो.

आणि स्वच्छता! बाईंच्या घरात शिरताना तीन पायपुसणी लागतात. पहिलं चपलेसाठी, दुसरं पायांसाठी, आणि तिसरं आधीची दोन टाळून आलेल्या माझ्यासारख्यांसाठी. पंख्याची पाती शनिवारी पुसली जातात. बाहेरची धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बारा महिने बंद. अशा घरात 'डक्ट क्लीनिंग आणि सॅनिटायझिंग' करणारं माणूस बोलवायचं म्हणजे बाईंच्या दृष्टीनं पोलीस बोलावण्यासारखंच होतं.

"माझं घर म्हणजे काय दवाखाना आहे, सॅनिटायझिंग करायला?" मुलाचा, म्हणजे अनीशचा, पुण्याहून फोन आला तेव्हा बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या होत्या की मला माझ्या अंगणात ऐकू आलं.

पण शेवटी तयार झाल्या त्या ओवीसाठी.

ओवी त्यांची नात. पोर गोड आहे, पण तिला दमा. मागच्या मे महिन्यात सुट्टीला आली आणि दोनच रात्रींत तिची छाती अशी भरली की अनीशनं तिसऱ्या दिवशी गाडी काढून तिला परत नेलं. "आई, तिला सोलापूरची हवा मानवत नाही," असं सूनबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. ते वाक्य बाईंनी वर्षभर चघळलं. दोष कधी विजापूर रोडच्या धुळीला दिला, कधी गिरणीच्या चिमण्यांना, कधी शिवयोगीच्या स्कूटरला. यंदा पुण्याच्या डॉक्टरांनी अनीशला सरळ विचारलं की तुमच्या आईकडे गच्चीवरचा कूलर आहे ना, त्याचा डक्ट कधी उघडून साफ केलाय? कधीच नाही, हे उत्तर. मग अनीशनं सांगून टाकलं, "डक्ट साफ झाला तरच ओवीला आणतो." त्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या आणि चहा न घेता गेल्या, यावरून मी ओळखलं की घाव वर्मी बसलाय.

तर वर चढलेल्या मुलीचं नाव राहत शेख. अंगात निळा डगला, तोंडाला मास्क, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. दारात तिचा छोटा टेम्पो उभा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'घरातली हवा साफ करून मिळेल'. हे वाचून गल्लीतली माणसं फाटकाशी रेंगाळू लागली होती. बोरामणीकरबाईंच्या घरातली हवा साफ करायला माणूस आलंय, ही काय साधी बातमी आहे? शिवयोगी तर पेपर घेऊन फाटकाला टेकूनच उभा राहिला. पेपर उलटा होता.

राहतनं हॉलच्या भिंतीवरची जाळी काढली आणि आत बॅटरी मारून पाहिलं. मग बॅटरी लगेच विझवली.

"काय आहे?" बाईंनी खालून विचारलं.

"काय न्हाई बाई. जरा धूळ हाय." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, जरा गच्चीवर या की. वरनं खोलावं लागतंय."

गच्चीवर गेल्यावर तिनं मास्क खाली केला. कूलरच्या पेटीतून निघालेला पत्र्याचा चौकोनी बोगदा गच्चीवरून जाऊन भिंतीत शिरत होता. त्याच्या कोपऱ्याच्या दुमडीवरून तिनं बोट फिरवलं.

"ह्यो डक्ट आमच्या अब्बांनी केलाय. हुसेनसाब पत्रेवाले. ही घडी बगा, अशी दुसरं कोण घालत न्हाई. पत्रा मीच धरलेला." ती हसली. "आनि तुमाला एक सांगू? खालच्या बाई माज्या बाई हायत. चौथीच्या."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"सांगून काय! मी लक्षात ऱ्हायाची असते तर एकाच गोष्टीनं. दर सोमवारी नखं तपासायच्या बाई. माजी काळी. दर सोमवारी मी वर्गाच्या बाहेर, लिंबाखाली. लई घासायचे हो काका, लिंबू लावून घासायचे, राखेनं घासायचे. जातच न्हवतं."

हे ती अगदी हसत सांगत होती आणि हातानं स्क्रू काढत होती, पण मला बरं वाटेना. बाई चौथीतल्या पोरांना जीव लावायच्या हे खरं, आणि पोरीला लिंबाखाली उभी करायच्या हेही खरं. दिव्याखाली अंधार असतोच.

मग तिनं झाकण उचललं आणि मी मागं सरलो. थंडीत कूलर बंद असताना मागच्या फटीतून कबुतरं आत शिरली असावीत. पिसं, विष्ठा, फुटक्या अंड्याची टरफलं, कूलरच्या कुजलेल्या गवताचे धागे, आणि त्या सगळ्यावर गोधडीएवढा जाड धुळीचा थर. ओलीच्या जागी हिरवी-काळी बुरशी. हॉलमध्ये तीन पायपुसणी आणि डोक्यावर हे.

राहतनं मशीन लावलं. लांब दांड्याचा ब्रश आत फिरू लागला, नळीतून धूळ ओढली जाऊ लागली. जे मशीनला ओढवेना ते ती हातानं खरवडून काढत होती. कामाला मुलगी वाघीण. मध्येच तिचा फोन वाजला, तो तिनं खांद्यात धरला. "हौ अब्बा, बाईंकेच घर में हूँ. हौ, ढाक केच ले जाती मैं." फोन ठेवून ती मला म्हणाली, "अब्बांचे गुडगे गेले, पन जीब चालू हाय. एकच सांगत्यात, कचरा झाकून न्यायचा. घरातली घान म्हंजे घरवाल्याची अब्रू. दुसरे लोक फोटो काढून मोबाईलवर टाकत्यात, आधी असं नि नंतर असं. आमी न्हाई टाकत."

मी मनात म्हटलं, पोरी, आज टाकलास तरी तुला कोण काय म्हणणार होतं! पण तिनं भरलेल्या गोणीवर स्वच्छ चादर टाकली, चारी बाजूंनी खोचली, आणि लेकराला घेतात तशी ती गोणी उचलून जिन्यानं खाली आणली.

अंगणात शिवयोगी टपलेलाच होता. "काय निघालं की हो?"

"काय न्हाई काका. वाईच धूळ. सगळ्यांकडं असती तेवढीच."

शिवयोगीचं तोंड उतरलं. मला वाटलं, सुटलो. पण बाई पायरीवर उभ्या होत्या, आणि त्यांना वाईच धुळीची गोणी केवढी असते हे बघून समजत होतं. आयुष्यभर मुलांच्या थापा ऐकलेल्या त्या बाई.

"चादर काढ," त्या म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे की बाई."

"बाई," मीही हळूच म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमची मूठ तुम्ही झाका, देवदत्त."

खाली येऊन त्यांनी स्वतः चादर ओढली. बघत राहिल्या. मग वाकून हात घातला, त्या थराचा एक तुकडा उचलला आणि बोटांनी चुरून पाहिला. त्यांचा चेहरा असा पडला की मला तिथं थांबवेना. पण शिडी धरणाऱ्यानं पळून कसं जायचं?

"म्हणजे हे..." बाईंचा आवाज नेहमीचा नव्हता. "ओवी त्या जाळीखालीच झोपली होती. खिडक्या मी बंद केल्या, धूळ नको म्हणून. आणि रात्रभर पोरीच्या नाकातोंडात हे सोडत राहिले. नावं मात्र गावाला ठेवली."

मग बाईंनी मान वर केली आणि फाटकाकडे पाहून खणखणीत हाक मारली, "शिवयोगी! लांबून काय बघता? आत या. सगळेच या. बोरामणीकरबाईंच्या घरातली घाण आहे, नीट बघून घ्या. आणि घरी जाऊन आपापले कूलर उघडा."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी बाई मला जेवढ्या आवडल्या तेवढ्या कधी आवडल्या नव्हत्या. शिवयोगी आत आला, गोणीत डोकावला, आणि "अय्यो!" म्हणाला. पेपर त्यानं पाठीमागं लपवला.

"बाई, वर कोन बघतंय?" राहत म्हणाली. "दिसत न्हवतं, म्हनून ऱ्हायलं."

"मी बघायला हवं होतं. जन्मभर दुसऱ्यांची नखं बघत आले मी."

राहतनं मास्क काढला. डोळ्यांत मिश्कील हसू होतं. "मग आता दाखवा बगू तुमची नखं."

शिवयोगी उगाच खाकरला. बाईंनी तिच्याकडे बघितलं, चष्म्याच्या वरून, डोळे बारीक करून. तो रुमाल, ती हनुवटी. कुठल्या तरी जुन्या बाकावर त्यांना ती सापडली असावी.

"राहत हुसेनसाब," त्या म्हणाल्या. "खिडकीकडची रांग."

"व्हय बाई."

बाईंनी दोन्ही हात पुढं केले, पालथे, बोटं पसरून, शाळेत करतात तसे. दहाही नखं काळी.

"बाहेर उभी राहू?"

"नको बाई. ऊन लई हाय."

आधी शिवयोगी हसला, मग मी, मग फाटकावरचे सगळे. बाईही हसल्या, पण हात तसेच पुढं होते.

"तुझी कशानं काळी असायची गं?" त्यांनी विचारलं.

"भट्टीचा भाता फिरवायचे की. अब्बा पत्र्याचे सांधे जोडायला डाग द्यायचे, मी कोळसा घालायचे. शाळेला यायच्या आदी."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तुमी इचारलंच न्हाई की बाई."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. म्हणूनच तो बाईंना लागला असावा. त्या आत गेल्या, साबण, ब्रश आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मला वाटलं, स्वतःचे हात धुणार. पण त्यांनी राहतचे हात ओढून घेतले आणि पायरीवर बसून एकेक बोट घासायला लागल्या. राहत "बाई, काम ऱ्हायलंय अजून, परत काळी होनार की," म्हणत होती. "होऊ देत," बाई म्हणाल्या. "परत धुऊ."

दुपारी डक्ट आतून ओल्या फडक्यानं पुसून, औषधाचा फवारा मारून, सुकवून झाला. मागच्या फटीला जाळी बसली. कूलरला नवं गवत आलं. जाताना राहत एकच सांगून गेली, "खिडकी जरा उगडी ठिवा बाई. हवा आत आली की तिला भायेर जायला नको का?" बाईंनी खिडकी उघडली. जुळे सोलापुरात राहायला आल्यापासून त्या खिडकीचे गज मी पहिल्यांदा पाहिले.

मे महिन्यात ओवी आली. पहिल्या रात्री बाई बहुतेक झोपल्या नसाव्यात, सकाळी डोळे सुजलेले होते. तिसरा दिवस गेला तेव्हा त्या माझ्याकडे आल्या आणि चहा घेतला. साखर जास्त आहे म्हणाल्या, पण कप रिकामा केला. आठवडा गेला. अनीशचा फोन आला की बाई म्हणत, "मजेत आहे, तू तिकडेच थांब."

सोमवारी मी पेपर द्यायला गेलो होतो. ओवी अंगणातून धावत आत आली, कोपरापर्यंत चिखल. बाईंनी सवयीनं तिचे हात धरले, उलटे केले. नखं काळीकुट्ट. मी माझे हात गपचूप खिशात घातले.

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग विचारलं, "कशानं झाली गं काळी?"

ओवीनं सुरू केलं. अंगणातल्या लिंबाखाली मुंग्यांचं गाव आहे, त्यांना पाणी लांब पडतं, म्हणून तिनं विहीर खणली, शिवयोगीआजोबांनी नळी दिली, पण विहीर ढासळली आणि दोन मुंग्या आत, मग काडीची शिडी केली, एक वर आली, दुसरी येईचना... सांगतेय, सांगतेय, थांबायचं नाव नाही. छातीत शीळ नाही, धाप नाही. तिचा दम्याचा पंप उघड्या खिडकीत पडला होता आणि पडदा त्याच्यावर हलत होता.

"मग दुसरी?" बाईंनी विचारलं.

ओवी परत पहिल्यापासून सांगायला लागली. बाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर चिखलाचे ओघळ उतरत होते. त्यांनी ते हात सोडले नाहीत.