दोन भावांच्या दोन गाड्या

मी एक जुनी निळी स्पोर्ट्स कार आहे. मित्रांनो, हल्ली मी भोपाळच्या आनंद नगरात, एका घराच्या फाटकाच्या आत, कव्हर पांघरून उभी असते. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी माझी एक वायर कुरतडली. उन्हाने डॅशबोर्डाचा रंगही विटला आहे. पण एके काळी मी रायसेन रोडने निघाले की लोक स्कूटर बाजूला घेऊन माझ्याकडे पाहत उभे राहत.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथे कसलेल्या चालकांनी मला वळणावळणाच्या ट्रॅकवर पळवून पाहिले आणि खुशीने मान डोलावली. मग जहाजातून, ट्रकवरून प्रवास करत मी इथे निनादच्या दारात आले.

निनादचा गोविंदपुऱ्यात विजेच्या पॅनेलच्या पेट्या बनवण्याचा कारखाना आहे. त्याच्या वडिलांनी, अच्युतरावांनी, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तो सुरू केला होता. निनाद आणि त्याचा धाकटा भाऊ आशय तिथे एकाच टेबलाशी बसून काम करत. वडील गेले आणि दोघांचे बिनसले. आशयने स्वतःचा वेगळा कारखाना टाकला आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादला राहायला गेला. आई, सुमित्राबाई, निनादकडेच राहिल्या.

मी आल्याचे कळताच आशयने एक पिवळी स्पोर्ट्स कार आणली. ती दुसऱ्या कंपनीची, पण माझ्याच तोलामोलाची. गाड्यांच्या मासिकांत आमची दोघींची तुलना नेहमी यायची. खरे सांगायचे तर ताकद तिचीच जास्त. सिग्नल सुटला की ती बाणासारखी सुटे, आणि तिचा आवाज ऐकून दुकानदार बाहेर येत. पण गतिरोधकावर तिचे पोट घासे आणि बाजाराच्या गर्दीत ती तापे. मी जरा मागे पडायचे, पण वळणावर रस्ता धरून राहायचे. खड्ड्यांतून जाताना माझ्यात बसलेल्याची पाठ दुखत नसे. रोज कारखान्यात जायला निनाद मलाच काढी, आणि उतरताना त्याचा चेहरा हसरा असे.

दोघे भाऊ एकमेकांशी धड बोलत नव्हते. बोलले तरी आमच्याबद्दलच.

"तुझी गाडी म्हणजे आजोबांची आरामखुर्ची," आशय फोनवर म्हणे.

"आणि तुझी म्हणजे नुसता भोंगा," निनाद म्हणे.

अशा बोलण्यातूनच ती शर्यत ठरली. रविवारी सकाळी, बायपासवर.

सुमित्राबाईंनी ते ऐकले असावे. रविवारी निनादने माझे दार उघडले, तर त्या शाल गुंडाळून आधीच शेजारच्या सीटवर बसलेल्या.

"आई, तू कुठे निघालीस?"

"तू निघालास तिथे."

"अगं, आम्ही जरा…"

"मला माहीत आहे काय ते. आशयला फोन कर आणि सांग, काही नाही करायचं."

निनादने फोन लावला. पलीकडून आशय हसला. "क्या हुआ, डर गया?"

निनादचा चेहरा लाल झाला. त्याने फोन ठेवला. "त्याला समोरासमोर सांगतो आणि परत येऊ," असे म्हणून त्याने मला सुरू केले. मला वाटते, तेव्हा त्याच्या मनात खरेच तेवढेच होते.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना तुमच्यासारखे बोलता येत नाही. आम्ही दिवे लावतो, नाहीतर घंटी वाजवतो. सुमित्राबाईंच्या शालीचे टोक सीटबेल्टच्या पट्ट्याच्या खाचेत अडकले होते. पट्टा लागल्यासारखा दिसत होता, पण लागलेला नव्हता. मी लाल दिवा लावला. घंटी मला वाजवता येत नव्हती. सीटवर बॅग ठेवली तरी ती वाजते म्हणून निनादने गॅरेजमध्ये सांगून ती बंद करून घेतली होती.

बायपासवर पिवळी वाट पाहत होती. आम्ही जवळ पोहोचायच्या आतच तिने गुरगुर केली आणि ती सुटली. माझ्या काचा काळ्या होत्या. आत आई आहे हे आशयला दिसले नाही. आरशात पाहत त्याने हात बाहेर काढून हलवला.

आणि निनादचा पाय खाली गेला.

मी पळाले. पळण्यासाठीच मला घडवले होते. झाडे, खांब, फलक मागे पडू लागले. पिवळीचे मागचे दिवे जवळ येत गेले.  सुमित्राबाईंचा एक हात दाराच्या मुठीवर आणि दुसरा मांडीवर घट्ट होता. मी तो लाल दिवा लावून ठेवला होता. निनादची नजर मात्र फक्त वेगाच्या काट्यावर होती.

तेवढ्यात सुमित्राबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "निनाद, माझा पट्टा सुटला रे."

त्याच क्षणी पुढे, शेताच्या वाटेवरून एक ट्रॅक्टर गव्हाची पोती भरलेली ट्रॉली ओढत रस्त्यावर आला.

ब्रेक जोरात दाबला तर आई काचेवर आदळेल आणि नाही दाबला तर ट्रॉली समोरच. निनादने गिअर खाली आणला, डावा हात आईच्या छातीवर आडवा धरला आणि ब्रेक थोडा थोडा दाबत गेला. माझे टायर रस्ता पकडून राहिले. आयुष्यात कधी लावला नसेल इतका जोर लावून मी स्वतःला मागे ओढले. ट्रॉलीची पोती काचेत मोठी होत गेली, आणि मी थांबले. पुढे एका माणसापुरती जागा उरली होती.

पिवळी मात्र पुढे होती. ट्रॉली चुकवायला ती रस्त्याबाहेर वळली, तिचा एक कर्कश आवाज आला, आणि मग धुळीचा लोट उठला. पलीकडचे काही दिसेना, ऐकू येईना.

"आशय!" निनाद दार उघडून धावला. "आशय, आशू!"

मी आल्यापासून त्याने त्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. धूळ खाली बसली. पिवळी कापलेल्या शेतात आडवी उभी होती, आणि आशय दाराला धरून उभा होता. त्याला लागले नव्हते. निनादने त्याचे खांदे चाचपून पाहिले. मग आशयची नजर माझ्याकडे गेली. सुमित्राबाई खाली उतरत होत्या.

"आई गाडीत होती?" त्याने विचारले.

ट्रॅक्टरवाला ओरडला, "माँ को बिठाके रेस लगा रहे हो? शरम नहीं आती?"

दोघांच्या माना खाली गेल्या. सुमित्राबाईंनी कोणाकडे पाहिले नाही. शाल सावरून त्या रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. आमची दारे तशीच उघडी टाकून दोघे मुलगे त्यांच्या मागे निघाले. थोड्या अंतरावर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर त्या बसल्या. मग शांत आवाजात म्हणाल्या,

"कुणाची गाडी किती पळते, ते तुम्हा दोघांना तोंडपाठ आहे. यातली लवकर कोणती थांबते, ते सांगा."

दोघांपैकी एकालाही सांगता आले नाही.

त्या दिवशी त्या रिक्षाने घरी गेल्या. पुढे बरेच महिने त्यांनी आमच्यापैकी एकीच्याही दाराला हात लावला नाही. देवळात जायचे असो की दवाखान्यात, त्या रिक्षाच बोलवत. माझी घंटी निनादने दुसऱ्याच दिवशी सुरू करून घेतली.

मग एका रविवारी आशय अंतर मोजायची टेप घेऊन आला. दोघांनी आम्हाला गोविंदपुऱ्यातल्या एका मोकळ्या मैदानात नेले, बेताच्या वेगाने चालवले आणि खुणेवर ब्रेक दाबून अंतर मोजले. पुन्हा पुन्हा मोजले. टेपचे एक टोक निनादच्या हातात होते आणि दुसरे आशयच्या. संध्याकाळी दोघे आईसमोर येऊन उभे राहिले.

"आई, निळी आधी थांबते," आशय म्हणाला. "माझ्या पिवळीपेक्षा हातभर आधी."

 सुमित्राबाई चपला घालून आल्या. "मग तलावाकडे जाऊन येऊ. आशय, चालव तू. निनाद, तू पिवळीने मागून ये, सावकाश."

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत संथ प्रवास होता. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. तरीही निनादने पिवळीचा भोंगा एकदाही वाजवला नाही.

आता मी म्हातारी झाले आहे. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कदाचित माझ्यासारखी गाडी घ्याल. तिच्या टायरमधली हवा पाहा, ब्रेकचे तेल बदलत जा, तिला नुसती उभी करून गंजू देऊ नका. हौसेने पळवाही. पण किल्ली फिरवण्याआधी एकदा शेजारी वळून पाहा, कोण बसले आहे ते.