रिकामे परत आलेले भांडे

ट्राउगोट लुबाश सायलीशियातून बर्लिनला आले, तेव्हा गाडीत बायकोपेक्षा मातीच्या एका भांड्याला त्यांनी चांगली जागा दिली, असे आमच्या घरात सांगतात. त्यांचे चिरंजीव ओस्वाल्ड यांनी नॉयक्योल्नमध्ये भट्टी बांधली. ओस्वाल्डांचे चिरंजीव ब्रूनो, म्हणजे माझे यजमान, यांनी ती भट्टी पहिल्या युद्धात विझू दिली नाही. ब्रूनोंचा मुलगा आर्नो. ही हकीकत त्याची, आणि त्या भांड्याची.

भांड्यात राय धान्याच्या काळ्या पावाचे आंबवण असे. रोज कणीक भिजवताना त्यातला एक गोळा बाजूला काढायचा, त्याला नवे पीठ आणि पाणी द्यायचे आणि दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवायचा. ट्राउगोटांच्या काळापासून हा क्रम तुटलेला नव्हता. त्या आंबवणाला आम्ही ‘थोरली’ म्हणतो. भट्टीचे दार लावण्यापूर्वी घरच्या मालकिणीने विचारायचे, "थोरली घरी आहे?" आणि भट्टीवरच्या पुरुषाने सांगायचे, "घरी आहे." गोळा काढायचा विसरून सगळीच कणीक भट्टीत जाऊ नये, यासाठी ही रीत. उत्तर ऐकल्यावाचून आमच्याकडे दार लागत नसे.

रस्त्यापलीकडे पिन्नोंची बेकरी. पहिल्या युद्धात शहर सलगमांवर जगले, त्या हिवाळ्यात म्हाताऱ्या पिन्नोंचे आंबवण मेले. ब्रूनोंनी त्यांना आमचे भांडे काठोकाठ भरून दिले. असे भांडे भरूनच परत करायचे, हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम आहे. पिन्नो ते भरून घेऊन आले, तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. ब्रूनो सर्वांदेखत म्हणाले, "पिन्नो, यात पीठ किती आणि सलगम किती? आमच्या थोरलीला असली सोयरीक नको." लोक हसले. पिन्नोंनी भांडे उचलले आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी भांडे परत आले, स्वच्छ घासलेले आणि रिकामे. त्यानंतर दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले.

दुसरे युद्ध संपल्यावर तोच रस्ता सरहद्द झाला. आमची बाजू अमेरिकनांची, पिन्नोंची रशियनांची. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रशियनांनी आमच्याकडे येणारे रस्ते, रूळ आणि कालवे बंद केले, आणि पश्चिमेकडचे सारे शहर आकाशाकडे पाहू लागले. टेंपेलहोफच्या विमानतळावर उतरणारी विमाने आमच्या धुराड्यांवरून इतकी खालून जात, की फळीवरचे पाव हादरत. त्यांतून पीठ येई, कोळसा येई, आणि कधी कधी पिठातही कोळसा येई. आर्नो ते दोनदा चाळून घेई.

पीठ मात्र पांढरे होते, औषध मारून शुभ्र केलेले. काळे पीठ संपत आले होते. आर्नो नुकताच युद्धकैदेतून परतला होता आणि काळा पाव मिळाला नाही तर गिऱ्हाइके रशियनांच्या बाजूला जाऊन शिध्यासाठी नावे नोंदवतील, या धास्तीने त्याला घेरले होते. त्याने शेवटचे काळे पीठ सगळे पावांत घातले आणि थोरलीला पांढरे पीठ दिले.

"तिला तिचंच पीठ लागतं," मी म्हटले.

"पीठ ते पीठ, आई. पोट भरल्याशी कारण."

नोव्हेंबरात मी नेहमीप्रमाणे विचारले, "थोरली घरी आहे?" उत्तर आले नाही. आर्नो भांड्यावर ओणवा होऊन उभा होता. आत राखाडी पाणी साचले होते आणि त्याला तैलरंगाचा वास येत होता. मी दार लावले नाही. त्या दिवशी भट्टी उघडीच निवाली.

पुढच्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. विमानांतून काळे पीठ आले. आणि शिधा कचेरीतला माणूस सांगून गेला, की कोळसा वाचवण्यासाठी लहान भट्ट्या बंद होणार आहेत. महिनाअखेर ज्यांच्याकडे गिऱ्हाइके उरणार नाहीत, त्यांची पाळी पहिली. आमच्याकडे पीठ होते, लाकूडफाटा होता, माझा मुलगा होता. ज्याने पाव होतो, तेवढेच नव्हते. नवे आंबवण धरायला लागणारी उबदार खोली त्या हिवाळ्यात कोणाकडेच नव्हती. आर्नोने दोनदा धरले, दोन्ही वेळा ते कुजले.

"मी जातो पिन्नोंकडे," तो म्हणाला. "पाया पडायची वेळ आली तर तेही करीन."

"तू भट्टी साफ कर. लुबाशांच्या वतीने बोलायला मी अजून जिवंत आहे."

मी ठेवणीतला काळा कोट घातला, तेच भांडे हातात घेतले आणि रस्ता ओलांडला.

आमच्या ब्रूनोंसारखेच म्हातारे पिन्नोही केव्हाच गेले होते. त्यांची मुलगी हेडविग गल्ल्यावर होती. तिने आधी भांड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"लुबाशबाई. वाट चुकलात की काय?"

"भांडं घेऊन कोणी वाट चुकत नाही. तुझ्या वडिलांकडे आमचं येणं आहे."

"येणं? भरून आणलं होतं त्यांनी. कोण हसलं ते मला आठवतंय, मी त्यांच्या मागेच उभी होते." तिने फडक्याने गल्ला पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "जाताना बाबा सांगून गेले, लुबाशांचं देणं बुडवायचं नाही. पण तोंडाने मागितल्याशिवाय द्यायचंही नाही."

रांगेतल्या दोन बायका हलायचे नाव घेईनात. मला कोणाजवळ काही मागायची सवय नव्हती.

"ब्रूनो चुकले," मी म्हणाले. "आणि मी मागते आहे."

हेडविगने भांडे माझ्या हातातून घेतले. "रविवारी आणून देईन. तुम्ही नेलंत तर कोपऱ्यावरचा आमच्या बाजूचा पोलीस काढून घेईल, तुमच्याकडे खायचं काही जाऊ देत नाही तो. काल एकीची बटाट्याची सालंसुद्धा ठेवून घेतली मेल्याने."

रविवारी मी आणि आर्नो खिडकीतून पाहत होतो. हेडविग बगलेत भांडे धरून आली. अंगावर बेकरीतला एप्रन होता, वाळलेल्या कणकेने पुठ्ठ्यासारखा ताठ झालेला. पोलिसाने तिला अडवले. थंडीत तिचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"काय आहे त्यात?"

"काही नाही. बघा की."

"रिकामं भांडं घेऊन कुठे निघालात?"

"परत करायला. एकदा रिकामंच दिलं होतं, आता पुन्हा देते. आमची भांडणं लांबतात, साहेब."

"आणि रविवारी हा असला एप्रन?"

"दुसरा तुमच्या शिपायांनी नेला, बूट पुसायला. देता का परत?"

पोलीस ओशाळला आणि त्याने तिला वाट दिली.

आत येताच हेडविगने एप्रन सोडून टेबलावर पसरला. तिने त्यावर आंबवणाचा थर लिंपून तो वाळवला होता. जुन्या काळी फिरते कारागीर असेच नेत. तिने तो बोटांनी चुरला, एक कणही खाली सांडू दिला नाही. आर्नोने त्यावर कोमट पाणी आणि विमानातून आलेले काळे पीठ घातले. दोघांचे हात एकाच परातीत होते.

"हे तुमच्याच थोरलीचं," निघताना ती म्हणाली. "बाबांनी फेकलं नव्हतं. भांडं तेवढं घासून पाठवलं."

तो आठवडाभर आर्नो भांडे उराशी धरून, वरून कोट पांघरून बसत असे. तेवढी ऊब घरात दुसरीकडे नव्हती. तिसऱ्या दिवशी एक बुडबुडा आला. त्याने मला हाक मारली नाही, फक्त झाकण उघडे ठेवले.

पुढच्या रविवारी हेडविग पुन्हा आली. भांडे टेबलावर होते, आंबवण काठाला लागलेले आणि मध्ये किंचित फुगलेले. तिने वरून हलकेच तळवा फिरवला. आर्नोने गोळा काढून ठेवला आणि पाव भट्टीत सारले. डोक्यावरून एक विमान गेले, फळी हादरली. ते दूर जाईपर्यंत मी थांबले आणि मग विचारले, "थोरली घरी आहे?"

आर्नोने हेडविगकडे पाहिले. उत्तर तिने द्यावे, असे त्याच्या मनात होते.

"घरी आहे," हेडविग म्हणाली.

मी दार लावले. "पिन्नोंचं देणं फिटलं," मी म्हणाले, आणि पहिला पाव निघेपर्यंत तिला बसायला खुर्ची दिली.