परक्या नदीचं चित्र

"सर, ही नदी आपली नाहीच मुळी!" सुहासिनी खरे यांनी नकाशा परत सरकवला.

"ताई, सही कर दीजिए ना," धनंजय सर म्हणाले. मूळचे नाशिकचे, पण घाईत असले की हिंदीवर यायचे. "सॉफ्टवेअरने काढलंय ते. बाहेर सोसायटीवाले बसलेत."

सॉफ्टवेअर काढतंय कपाळ! लखनौच्या त्या भूजल संस्थेत बाई पंचवीस वर्षं नकाशे काढत होत्या, शेवटची दोन कंत्राटावर. संगणकाला आधी जमिनीखालच्या वाळूमातीचं एक नमुना-चित्र दाखवायचं. मग दोन बोअरच्या मधली, कुणीच न पाहिलेली जागा तो त्याच धाटणीनं भरत जातो. सरांनी घाईघाईत सॉफ्टवेअरसोबत आलेलं तयार चित्र दिलं होतं. कुठल्याशा परदेशी नदीचे वाळूचे लांबच लांब, सलग पट्टे. झालं! शहराच्या टोकाला, तेलीबागेपुढच्या अख्ख्या प्लॉटिंगखाली पाणीच पाणी. बाहेर बसलेल्या सोसायटीची, निवृत्त फौजींची, दोनशे घरं त्या भरवशावर उठणार होती.

"चाळीस बोअरची माती या बोटांनी चोळून पाहिलीय मी," बाई म्हणाल्या. "इथली वाळू तुटक आहे. मध्ये सगळी चिकणमाती. त्यावरून काढलेलं माझं चित्र देऊन सॉफ्टवेअर शंभरदा चालवलं, तर एक्याऐंशी वेळा तुमच्या नकाशातल्या विहिरीच्या जागी कोरडी मातीच लागली."

"हाताने काढलेलं चित्र कोण मानणार, यार?"

"आणि हे काय देवानं काढलंय?"

सरांचा आवाज खाली आला. "तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. समझ रही हैं ना?"

समजत होतं. २०१२ साल, हातानं नकाशे काढणारी बाई आता कुणाला हवी होती? पण भीतीपेक्षा संताप मोठा निघाला. त्यांनी नकाशा ओढला आणि 'तपासणारा' या चौकटीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नमूना यहाँ का नहीं है। पानी का भरोसा नहीं।' खाली पूर्ण नाव, तारीख.

"ताई! अहो, हे काय केलंत!"

"सहीच हवी होती ना तुम्हाला?"

बाई नकाशा घेऊन सरळ बाहेर गेल्या. बाकावरचे म्हातारे सुभेदार त्यांना पाहून उठले.

"मैडम, पानी है ना?"

"पहले यह पढ़िए," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत नकाशा दोन्ही हातांनी ताणून धरून उभ्या राहिल्या.